हिवाळ्यात राहता येतं का

सकाळच्या स्तोत्राचं दुसरं कडवं म्हणत होते, डावा हात खिडकीखालच्या हीटरवर, आणि टेबलावरचा फोन थरथरला. माझा नेम असा की कडवं संपेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, कॉफीचं पाणी ठेवायचं नाही, नजर खिडकीबाहेर ठेवायची. पण फोन उताणा पडला होता आणि काचेवर एक फोटो आपोआप उजळला. मी बघायचं ठरवलं नव्हतं. डोळ्यांनी परस्पर बघून घेतलं. ग्रानत्रेस्कचं आमचं घर, त्याचं स्वयंपाकघर. तीच पिवळट भिंत, तोच आखूड पडदा, खिडकीतून दिसणारा गोठलेल्या तळ्याचा तुकडा. आणि खिडकीच्या उजव्या अंगाला, जिथे लोखंडी चूल असते तिथे, जमिनीवर एक काळा चौकोन. चारही बाजूंची फळी पायांनी झिजून पांढुरकी झालेली आणि मधला तेवढाच भाग ताज्या लाकडासारखा दिसावा तर तोही नाही, जळका, तेलकट, जणू तिथे कुणी बराच काळ झोपून होतं आणि आत्ताच उठून गेलं. फोटोखाली माझ्या भावाने, होकानने, लिहिलं होतं: "झालं काम. आता खुशाल खरं लिही, पाद्रीणबाई."

कडवं तिथेच तुटलं. आईचा दंडक होता की तुटलेलं कडवं त्या दिवशी पुन्हा जोडायचं नाही. चूक झाली तशी दिवसभर उघडी राहू द्यायची, दुसऱ्या दिवशी पहिल्या ओळीपासून सुरू करायचं. लहानपणी मला ही शिक्षा वाटायची. शाळेत जाताना, बर्फातून चालताना, ते अर्धं राहिलेलं कडवं दारासारखं मागे उघडं आहे आणि तिथून थंडी आत शिरते आहे असं वाटत राहायचं. आताही तसंच वाटलं. हीटर कोमट होता. हाम्बुर्गच्या या तिसऱ्या मजल्यावर आल्यापासून मी रोज त्याच्यावर हात ठेवून उभी राहते, कारण आई चुलीच्या पितळी दांडीवर हात ठेवून उभी राहायची आणि मला दुसऱ्या कशावर हात ठेवून देवाशी बोलता येत नाही. हे वेडेपणाचं आहे हे मला कळतं. देव हीटरमध्ये नसतो, चुलीतही नसतो. पण हात कुठेतरी ठेवावा लागतो.

होकानची चूक म्हणावी तर त्याने माझ्यासाठीच केलं होतं. देश सोडून कामासाठी गेलेल्या स्वीडिश माणसाला पाच वर्षं हे दाखवून द्यावं लागतं की आपलं मागे काही महत्त्वाचं उरलेलं नाही. नवरा नाही, बायको नाही, चालता धंदा नाही, राहतं घर नाही. ते दाखवता आलं की सुटका. नाही आलं तर जगात कुठेही मिळवलेल्या पगाराचं विवरणपत्र दर वसंतात घरी भरायचं आणि निघेल तो कर द्यायचा. मी आल्यापासून निमूटपणे दोन्हीकडे भरत आले. इथलं इथल्या भाषेत, शब्दकोश उघडून. तिथलं आपल्या भाषेत, जवळजवळ आनंदाने. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण वसंतात तो फॉर्म उघडला की वर माझं नाव आणि खाली ग्रानत्रेस्क असं छापलेलं यायचं आणि मला वाटायचं, कुणीतरी अजून हजेरी घेतंय. मग या वर्षी स्वीडिश चर्चच्या रविवारच्या कॉफीला उल्लाने मला कोपऱ्यात घेतलं. उल्ला बंदरातल्या एका कचेरीत काम करते, वीस वर्षं इथे आहे आणि दालचिनीचा बन अर्धाच खाते, उरलेला रुमालात बांधून नेते.

"तू अजून तिकडचा कर भरतेस? मार्गित, तू संत आहेस की खुळी?"

"घर आहे ना माझं तिथे. अर्धं माझं, अर्धं होकानचं."

"अगं, ते उन्हाळ्याचं झोपडं! त्याला कोण घर धरतं? हिवाळ्यात राहता येत नाही असं लिहायचं, संपलं. सगळे तसंच लिहितात. माझ्या आतेभावाने तर स्पेनला जाताना संडास उपटून काढला आणि फोटो जोडला. उन्हाळ्यात सुट्टीवर आला तर दोन आठवडे झाडामागे जात होता!" ती इतकी हसली की पाद्रीबुवांनी वळून बघितलं.

मी लिहून टाकलं, की आता मागे माझं काही उरलेलं नाही. कर खात्याचं उत्तर आलं, अगदी सभ्य, दोन परिच्छेदांचं. घराविषयी त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. ते वर्षभर राहण्याजोगं आहे का, म्हणजे हिवाळ्यात तिथे राहता येतं का. उत्तर मेच्या दोन तारखेपर्यंत. मी फोनवर होकानला सांगितलं की मला 'नाही' लिहिता येत नाही, कारण राहता येतं. आपण राहिलोय. तो म्हणाला, "देव एवढं बारीक कुठे विचारतोय?" मी म्हटलं, देवाने नाही विचारलं, खात्याने विचारलंय. तो गप्प झाला होता, आणि त्या गप्प राहण्यातून ही चूल निघाली होती.

कामाला चालत गेले. वाटेत कसलंतरी झाड फुललं होतं, नदीवरून जहाजाचा भोंगा येत होता, पावावाल्याच्या दुकानाबाहेर नेहमीची रांग होती आणि हे सगळं एका काचेपलीकडे चाललं होतं. मी कान तपासते. आवाज शिरत नाही अशा लहान खोलीत माणसाला बसवायचं, डोक्यावर श्रवणफोन चढवायचे, हातात एक बटण द्यायचं आणि बाहेरून बारीक बारीक होत जाणारे सूर सोडायचे. ऐकू आलं की दाबा, एवढंच. ग्रानत्रेस्कजवळच्या गावातही मी हेच करत असे. मग तिथलं केंद्र किनाऱ्यावरच्या मोठ्या शहरात गेलं आणि मला वाटलं, जायचंच आहे तर जरा लांबच जाऊ, दोन वर्षं. आई गेल्यानंतरचा तो वसंत होता. घर झाडून, पाण्याचा पंप रिकामा करून, चुलीतली राख काढून, मी किल्ली स्वतःजवळ ठेवली. होकानकडे त्याची आहेच. माझी इथे स्वयंपाकघरात खिळ्याला लटकते आणि इथल्या कुठल्याही दाराला लागत नाही.

आईचा शेवटचा हिवाळा मी तिथे काढला होता. म्हणूनच मला 'नाही' लिहिता येत नव्हतं. नोव्हेंबरात तळं गोठलं, तेव्हा होकान म्हणाला होता की तिला किनाऱ्यावर त्याच्या घरी नेऊ. आई म्हणाली, "मला कुठे जायचं नाही. चूल आहे, लाकूड आहे, मार्गित आहे." या क्रमाने म्हणाली. मी हसले होते आणि तिला माझं हसू ऐकू आलं नव्हतं, कारण तोवर तिचे कान पार गेले होते. जगाचे कान तपासणारी मी, आणि माझ्या आईने यंत्र कधी लावून घेतलं नाही. डबीत घालून ते खिडकीत ठेवलं होतं, बाहेरच्या पक्ष्यांना ऐकू यावं म्हणून ठेवल्यासारखं. पण सकाळी ती दांडीवर हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "पाणी आता उकळेल." आणि उकळायचं. पितळेतून तिला ते कळायचं, किटलीच्या पोटातलं आधीचं थरथरणं. मी स्तोत्र म्हणायला लागले की तिचा एक हात दांडीवर आणि दुसरा माझ्या गळ्यावर, हनुवटीखाली, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसा. तिच्या बोटांना लाकडाचा आणि कॉफीचा वास यायचा. कडव्याच्या शेवटी मी थांबले की ती बरोबर थांबल्याच्या क्षणाला 'आमेन' म्हणायची. बाहेर इतकी थंडी असायची की भिंतीतले खिळे रात्रीतून तडकायचे, दुपारी दोनला उजेड तळ्यापलीकडे उतरायचा, आणि आत त्या काळ्या लोखंडाभोवती एक वर्तुळ होतं, दोन खुर्च्यांएवढं, त्यात आम्ही राहत होतो. राहत होतो. दुसरा शब्द मला सुचत नाही. आता हाम्बुर्गात मी भाडं भरते, झोपते, जेवते, भांडी घासते, शेजारणीच्या फुलांना पाणी घालते. त्याला काय म्हणायचं हे मला कुठल्याच भाषेत नीट आलेलं नाही.

दुपारी हेर ब्रोडरसन आले; हेर म्हणजे इथल्या भाषेत श्रीयुत. जन्मभर बोटींवर काढलेले, ताठ, टोपी हातात घेऊन बसणारे गृहस्थ. गेल्या हिवाळ्यात त्यांची पत्नी गेली. मी श्रवणफोन चढवले, बटण दिलं, दार लावलं. काचेतून त्यांचा अंगठा दिसत होता. सूर सोडला, त्यांनी दाबलं. त्याहून बारीक सोडला, जरा थांबून दाबलं. मग मी काहीच सोडलं नाही, तपासताना मधूनमधून अशी शांतता ठेवावी लागते, आणि त्या शांततेत त्यांनी दाबलं. पुन्हा शांतता ठेवली, पुन्हा दाबलं. मी दार उघडलं.

"हेर ब्रोडरसन, आत्ता काही वाजलं नव्हतं हं."

"वाजलं नव्हतं हे मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "एल्फ्रीडे हाक मारत होती. ती यंत्रातून बोलत नाही."

"मग बटण दाबायचं नाही. फक्त सूर ऐकू आला तर."

"तुम्ही म्हणालात, ऐकू आलं की दाबा. कुणाचं ते कुठे सांगितलंत?" ते मिस्किल हसले, पण डोळे हसले नाहीत. "कागदावर काय लावता याचं? चूक?"

"चूकच लावतात."

"लावा मग. मला काय, या वयात परीक्षा थोडीच पास व्हायचंय. पण मी हात आवरणार नाही. ती हाक मारणार आणि मी ऐकलं नाही असं दाखवणार, असं लग्नात बेचाळीस वर्षं केलं. आता नाही जमत."

ते गेल्यावर मी त्या लहान खोलीत जाऊन बसले. पुढचं कुणी यायला अवकाश होता. तिथे बसलं की आधी काहीच नसतं, मग स्वतःचं रक्त ऐकू येतं, मग त्याच्याही मागे एक असतं, ज्याला आम्ही लोक नाव देत नाही. मी डोळे मिटले. तळ्यावरचं बर्फ रात्री ताणलं जातं तेव्हा लांबवर घुमतं, तो आवाज. धुराड्यात वारा शिरल्यावर चुलीचं दार एकदाच खुळकन वाजतं, तो आवाज. आणि मग तो काळा चौकोन डोळ्यांसमोर आला आणि आवाज थांबला. मला पहिल्यांदाच भीती वाटली. चूल गेल्याची नव्हे. आता 'नाही' लिहिलं तर ते खरं ठरेल याची. इतके दिवस मी खोटं लिहायला घाबरत होते, असं मी स्वतःला सांगत आले होते, आणि त्या आडोशाला किती निवांत बसले होते! देवाचा धाक पुढे केला की कुणी जास्त विचारत नाही. होकानने तो आडोसा उचलून नेला होता. आता मला सत्य सांगायला काही अडचण नव्हती. चूल नाही. चुलीशिवाय ग्रानत्रेस्कला हिवाळ्यात एक आठवडा काढता येणार नाही. दोन अक्षरं लिहायची, पाठवायचं, आणि पुढच्या वसंतात कुणी हजेरी घेणार नाही. पैसेही वाचतील, ते मला नको होते असं नाही; खिडकीच्या फटी बुजवायच्या आहेत, दात बसवायचा आहे. पण पैसे वाचवून त्या पैशांनी मी कुठे जाणार होते?

घरी येऊन फॉर्म उघडला आणि 'नाही' लिहिलं. ते तिथे बसलं, नीटनेटकं, खरं. पाठवायच्या जागेवर बोट नेलं आणि मनातल्या मनात म्हणाले, प्रभू, हे खरं आहे ना? उत्तर आलं नाही. मला कधी शब्दांत येत नाही. पण डावा हात आपण होऊन हीटरवर गेला होता. एप्रिल संपला म्हणून इमारतीवाल्यांनी दुपारीच उष्णता बंद केली असावी. पत्रा गार पडला होता. त्या गार पत्र्यातून काहीही येत नव्हतं. पाणी उकळत नव्हतं. आणि मला एकदम कळलं की खात्याने मला घराविषयी विचारलंच नव्हतं, म्हणजे विचारलं होतं घराविषयीच, पण मी उत्तर देत होते दुसऱ्याच कशाचं, माझं तिथे काही उरलंय का याचं, आणि ते उत्तर मला सकाळपासून माहीत होतं. मी 'नाही' पुसलं. होकानला फोन लावला.

पलीकडे खूप आवाज होता. वाल्बोरीची संध्याकाळ, मी विसरलेच होते. आमच्याकडे त्या दिवशी वसंताची होळी पेटवतात, बर्फ अजून पायाखाली असतं तरी. लाकडं तडतडत होती, कुणीतरी बेसूर गात होतं, कुत्रं भुंकत होतं.

"पाद्रीणबाई! फोटो बघितलास ना? किती सुबक काम केलंय!" तो ओरडून बोलत होता. "इथे ये, सगळे जमलेत ग्रानत्रेस्कला. अल्गोतची कंबर मोडलीय, तुला शिव्या देतोय."

अल्गोत म्हणजे आमचा शेजारी, ऐंशीच्या घरातला. मागून त्याचा आवाज आलाच: "तिला म्हणावं, पुढच्या वेळी देवाला बोलाव वजन उचलायला!"

"होकान, चूल कुठे आहे?"

"कोठारात, ताडपत्रीखाली. भंगारात नाही टाकली, काळजी नको. का?"

"परत लाव."

तो हसला. मग हसणं थांबलं, आणि पावलांखाली बर्फ करकरलं. तो होळीपासून लांब चालत जात असावा, कारण तडतड मागे पडत गेली.

"काय बोलतेस तू?"

"मी 'राहता येतं' असं लिहिणार आहे. पण चूल नसताना ते खोटं होईल. तू लावल्याशिवाय मी पाठवणार नाही. परवा शेवटचा दिवस आहे."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे ना, मार्गित? तुझ्यासाठी केलं मी हे सगळं. दोन दिवस नळकांड्या सोडवत बसलो होतो, नखं काळी झालीयत माझी. तू म्हणालीस खोटं लिहवत नाही, म्हणून खरं करून दिलं. आता खरंही नको तुला?"

"तू माझ्यासाठी केलंस हे मला माहीत आहे रे."

"कर भरावा लागेल. दरवर्षी."

"भरीन."

"आणि कशासाठी? येतेस किती? जुलैमध्ये दोन आठवडे, डास मारायला." त्याचा आवाज चढला आणि मग उतरला, आणि उतरलेला जास्त लागला. "कोण राहणार आहे गं तिथे हिवाळ्यात? तू? खरं सांग. तू येणार आहेस परत?"

मी खिडकीशी उभी होते. खाली रस्त्यात एक माणूस सायकलला कुलूप लावत होता. मला 'हो' म्हणावंसं वाटलं आणि म्हणवलं नाही, कारण तो शब्द मी उद्या सकाळी देवासमोर उच्चारू शकले असते की नाही ते मला माहीत नव्हतं.

"येणार की नाही, ते नाही माहीत मला," मी म्हणाले. "पण राहता येतं, होकान. एवढंच त्यांनी विचारलंय. राहता येतं. तुला माहीत आहे की येतं."

मी सवयीने कान देऊन ऐकत राहिले, बारीक होत जाणाऱ्या सुरामागे ऐकतात तसं. लांबवर आग, त्याहून लांबवर गाणं, आणि जवळ त्याचा श्वास. त्याने कधी स्तोत्र म्हटलेलं मी ऐकलं नाही. आई गेली त्या दिवशीही तो बाहेर लाकूड फोडत होता, गरज नसताना, अंधार पडेपर्यंत.

"धुराड्याचं भोक," तो म्हणाला, आणि थांबला. "ते मी बुजवलेलं नाही. भिंतीतलं. फोटोत दिसू नये म्हणून मुद्दाम त्याच्या खालचाच भाग घेतला. विटा आणल्या होत्या, सिमेंटचा मसालाही कालवला होता. एक वीट उचलली, आणि... जाऊ दे. मसाला सुकून गेला बादलीत. आईचा तो निळ्या काठाचा टॉवेल कोंबलाय नुसता तिथे."

मग त्याने तोंड फिरवून हाक मारली, मला ऐकू यावी म्हणून नव्हे, पण आली: "अल्गोत! ए अल्गोत! उद्या सकाळी जड काही उचलशील का?"

अल्गोतने दिलेली शिवी आमच्या बोलीतली होती, हाम्बुर्गात तिचा अर्थ कळणारं माझ्याशिवाय कुणी नसेल. मी फोन कानाशी तसाच धरून ठेवला. फॉर्ममध्ये उत्तराची जागा रिकामी होती. उद्यापर्यंत रिकामीच राहणार होती. सकाळचं कडवंही अजून उघडं होतं आणि त्यातून वारा येत होता, पण दिवसभरात पहिल्यांदाच त्याला लाकडाच्या धुराचा वास होता.